आंबेमोहोर का इंद्रायणी?

पौडच्या बाजारात तांदळाच्या दुकानापुढे उभे राहिले की दुकानदार पहिले हेच विचारतो. ‘आंबेमोहोर देऊ का इंद्रायणी?’ मुळशी हा भाताचा तालुका. आंबेमोहोर शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो, इंद्रायणीचा भात मऊ आणि किंचित चिकट होतो, आणि कोणता घ्यायचा याचा विचार करताना त्या प्रश्नातल्या सगळ्यात लहान शब्दाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे ‘का’. एक व्यंजन, एक स्वर. मूल बोलायला लागल्यावर लवकरच शिकते आणि मग दिवसभर आईला त्याने हैराण करते.

या लेखाचा विषय हा शब्दच आहे. मराठीत तो काय काय करतो, हिंजवडीच्या रस्त्यावर भेटणाऱ्या इतर भाषांत तो काय करतो, आणि हजारो किलोमीटर दूरच्या जपानीत त्याने मराठीसारखेच वागणे का धरले आहे, हे पाहू.

आधी घरचे पाहू. ‘का आलास?’ आणि ‘आलास का?’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. शब्द तेच, फक्त जागा बदलली. पहिल्यात कारण विचारले आहे, आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याला ते ऐकवले तर तो आल्या पावली परत जाईल. दुसऱ्यात स्वागत आहे. क्रियापदाच्या आधी ‘का’ आला की तो कारण मागतो, वाक्याच्या शेवटी आला की ‘हो’ किंवा ‘नाही’ मागतो. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला माहितीची फारशी गरज नसते. मुळशी-मावळातल्या घरात तो मायेचा शब्द आहे.

तिसरे काम तांदळाच्या दुकानातले, दोन गोष्टींमधून एक निवडायला लावण्याचे. इथे ‘का’ म्हणजे ‘किंवा’. पुढे आणखी बारीक कामे आहेत. ‘असं का!’ म्हणताना आपण काहीच विचारत नसतो, ऐकलेले पोचले एवढेच सांगत असतो. ‘बरं का मंडळी’ म्हणणारा कीर्तनकार श्रोत्यांना हलकेच जागे करतो. ‘जर का’ मध्ये तो अटीला धार लावतो. ‘उशिरा का होईना, पाऊस आला’ यात तो सवलत देतो, निदान एवढे तरी झाले असे म्हणतो. ‘कोण का असेना’ यात तो सगळ्यांना एका पंक्तीत बसवतो. ‘का कोण जाणे’ यात हात टेकतो. ‘का रं’, ‘का गं’, ‘का हो’ या हाका आहेत, आणि कोणत्या माणसाला कोणती हाक शोभते हे लहान पोरालाही कळते. रागाने विचारायचे असेल तर आमच्याकडची म्हातारी माणसे नुसत्या ‘का’वर थांबत नाहीत, ‘का म्हून?’ असे विचारतात, आणि त्या ‘म्हून’ने समोरच्याला उत्तर देणे भाग पडते.

जुन्या पुस्तकांत हा शब्द डोक्यावर टिंब घेऊन दिसतो: ‘कां’. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले, त्यात याचेही गेले. ते टिंब उगाच नव्हते. कधीकाळी हा स्वर नाकातून उच्चारला जात असे, त्याची ती खूण होती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९०ची. तिच्यात ‘कां’ पदोपदी भेटतो आणि पुष्कळदा त्याचा अर्थ ‘किंवा’ असतो. एक उपमा सांगून झाली की ज्ञानदेव ‘कां’ म्हणतात आणि दुसरी उपमा जोडतात. पौडचा दुकानदार आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांच्या मध्ये जो ‘का’ ठेवतो, त्याला सातशेहून अधिक वर्षांचा लेखी पुरावा आहे. शाळेत मात्र हा वापर ऐकला की काही शिक्षक ‘की’ म्हण, ‘किंवा’ म्हण असे सांगून मुलाला दुरुस्त करतात. ती दुरुस्ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पौड सोडून पुण्याच्या बाजूला येऊ. हिंजवडी, माण आणि मारुंजी ही मुळशी तालुक्यातलीच गावे. भाताच्या आणि उसाच्या रानांत संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग इमारती बांधणारे, चालवणारे, राखणारे लोक देशभरातून आले. तिथल्या एका चहाच्या टपरीवर कान देऊन उभे राहा. बिहारकडचा गवंडी आपल्या गाववाल्याला विचारतो, ‘का हाल बा?’ मराठी कानाला क्षणभर वाटते की हा कारण विचारतो आहे. भोजपुरीत ‘का’ म्हणजे ‘काय’. बनारसकडे तर ‘का हो’ म्हटले की खुशालीची विचारपूस झाली. आपल्याकडे ‘का हो?’ म्हटले तर समोरचा विचारतो, माझे काही चुकले?

त्याच टपरीवर हिंदीतला ‘का’ही असतो. ‘राम का घर’, ‘दस का नोट’. हा मालकी सांगणारा ‘का’. मराठीत ते काम ‘चा’ करतो. ऐकायला हिंदीचा ‘का’ आणि मराठीचा ‘का’ एकच, पण त्यांची कुळे वेगळी. हिंदीच्या ‘का’चे मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘कृ’ धातूपासून झालेल्या ‘कृत’सारख्या रूपात शोधतात: रामाने केलेले, म्हणून रामाचे. शब्द झिजत झिजत प्रत्यय झाला. भोजपुरीचा ‘का’ मात्र मराठी ‘का’चा सख्खा चुलतभाऊ आहे. दोघेही संस्कृतातल्या ‘कः’, ‘का’, ‘किम्’ या प्रश्नवाचक घराण्यातले. म्हणजे एकाच टपरीवर, एकाच बाकावर, तीन ‘का’ बसलेले आहेत. त्यातले दोन भाऊबंद आणि तिसरा नुसता दिसायला सारखा.

गुजरातीचा ‘कां’ आपल्याला आणखी जवळचा. त्याच्यावर अजून अनुस्वार आहे. सौराष्ट्रात ‘कां?’ म्हणजे ‘का?’, आणि ‘कां तो’ म्हणजे ‘एक तर’: कां तो हे, कां तो ते. कारण विचारण्याचे आणि पर्याय मांडण्याचे अशी दोन्ही कामे गुजराती ‘कां’ करतो. ही दोन कामे एकाच शब्दाच्या वाट्याला का यावीत, हा प्रश्न मनात ठेवा. त्याचे उत्तर जपानमार्गे येणार आहे.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ही परंपरा अनेक दशकांची आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण आहे. जपानीच्या पहिल्याच आठवड्यात मराठी विद्यार्थ्याला एक सुखद धक्का बसतो. ‘इकिमासु’ म्हणजे ‘जातो’ किंवा ‘जाते’. त्याचा प्रश्न करायचा असेल तर शेवटी ‘का’ लावायचा: ‘इकिमासु का?’ जाता का? क्रियापद शेवटी, त्यानंतर ‘का’. इंग्रजी शिकताना वाक्य उलटेसुलटे करायचे जे कष्ट पडतात ते इथे नाहीत. मराठी वाक्यातले शब्द जागच्या जागी बदलले की जपानी वाक्य तयार.

धक्का इथे संपत नाही. जपानीत ‘कॉफी किंवा चहा’ म्हणायचे तर दोन नावांच्या मध्ये ‘का’ घालतात: ‘कोही का ओचा’. हा थेट पौडच्या तांदळाचा ‘का’. समोरच्याने काही सांगितले आणि ते पोचले असे दाखवायचे तर जपानी माणूस आवाज उतरवत म्हणतो, ‘सोओ देसु का’. शब्दशः ‘असं आहे का’. त्यात प्रश्न नसतो. आपणही ‘असं का’ म्हणताना आवाज उतरवतो. जपानीत ‘दारे’ म्हणजे ‘कोण’ आणि ‘दारे का’ म्हणजे ‘कोणीतरी’. ‘नानी’ म्हणजे ‘काय’, ‘नानी का’ म्हणजे ‘काहीतरी’. ‘इत्सु’ म्हणजे ‘कधी’ आणि ‘इत्सु का’ म्हणजे ‘कधीतरी’. आपला ‘कोण का असेना’ आठवतो ना?

फरक आहेत, आणि शिकणाऱ्याला ते माहीत हवेत. जपानी ‘का’ कारण विचारत नाही, त्यासाठी ‘नाझे’ किंवा ‘दोओशिते’ हे वेगळे शब्द आहेत. ‘कुठे’, ‘कधी’, ‘कोण’ असे प्रश्नवाचक शब्द असलेल्या वाक्यालाही जपानीत शेवटी ‘का’ लागतो: ‘दोको ए इकिमासु का?’ म्हणजे ‘कुठे जाता?’ तीच सवय मराठीत आणली की अर्थ सरकतो. ‘कुठे जाता का?’ याचा मराठीत अर्थ ‘कुठे बाहेर जाण्याचा विचार आहे का?’ असा होतो, आणि उत्तर ‘पिरंगुटला’ असे न येता ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येते.

इतके साम्य पाहिले की मन एका वाटेने धावते. जपानी भाषा मराठीतून निघाली असेल का? बौद्ध भिक्खूंनी ‘का’ तिकडे नेला असेल का? हा मोह मला समजतो, कारण मीही त्यात पडून बाहेर आलो आहे. भारतातून जपानात भाषाज्ञान खरोखर गेले, हेही खरे आहे. कूकाई हा जपानी भिक्खू (७७४ ते ८३५) चीनमध्ये जाऊन संस्कृत मंत्रांची सिद्धम् लिपी शिकला आणि ती घेऊन मायदेशी परतला. जपानी अक्षरमालेचा आजचा क्रम पाहा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आधी स्वर, मग कंठ्य, मग तालव्याच्या जागी ‘स’, मग दंत्य, मग ओष्ठ्य, शेवटी य-र-व. ओष्ठ्याच्या जागी ‘हा’ दिसतो, कारण जुन्या जपानीत तिथे ‘प’ होता. ही आपली वर्णमाला आहे. आपल्या मुलांना पाटीवर ‘क’ जिथे भेटतो, तिथेच जपानी मुलाला ‘का’ भेटतो, आणि ही उसनवारी सिद्ध आहे.

पण अक्षरांचा क्रम शिकणे वेगळे आणि वाक्याच्या सांध्यात बसणारा शब्द उचलणे वेगळे. प्रश्नार्थक ‘का’ हा जपानीचा स्वतःचा जुना शब्द आहे, आणि ज्या संस्कृत ग्रंथांच्या वाटेने हे ज्ञान गेले त्या संस्कृतात ‘का’ असा वाक्याच्या शेवटी येतच नाही. तो तिथून जाणार कसा?

मग नाते ओळखायचे कसे? एखादा शब्द सारखा ऐकू येणे हा भाषाशास्त्रात पुरावा धरत नाहीत. पुरावा म्हणजे नियमितपणा. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, आणि पुढच्या शतकात फ्रान्झ बॉपपासून अनेकांनी ते तपशिलाने दाखवले. मराठीचे प्रश्नवाचक शब्द एका ओळीत मांडा: कोण, काय, कधी, कुठे, कसा, किती, का. सगळे ‘क’पासून. लिथुआनियनमध्ये ‘कास’ म्हणजे कोण किंवा काय, ‘कादा’ म्हणजे कधी, आणि संस्कृतातही ‘कदा’च. लाटव्हियनमध्ये ‘का’ दीर्घ उच्चारला तर अर्थ ‘कसे’, ऱ्हस्व उच्चारला तर आपल्या ‘तो म्हणाला की’ मधला ‘की’. रशियनमध्ये ‘क्तो’ म्हणजे कोण, ‘काक’ म्हणजे कसे, ‘कुदा’ म्हणजे कुठे. लॅटिनमध्ये त्याच जागी ‘क्व’ येतो: क्विस, क्वोद, क्वांदो. इंग्रजीत तो ‘क्व’ घासून ‘ह्व’ झाला, आणि त्यातून हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय निघाले. वार्ताहराला शिकवतात ते सहा ककार इंग्रजीत पाच डब्ल्यू आणि एक एच होतात. अक्षरे वेगळी, पण मूळ ध्वनी एकच. ग्रीकमध्ये तर तोच ध्वनी ‘त’ आणि ‘प’ झाला, म्हणून तिथे ‘कोण’ला ‘तिस’ म्हणतात.

यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मला फार नवल वाटले होते. मराठी ‘का’ आणि इंग्रजी ‘व्हाय’ कानाला अजिबात सारखे लागत नाहीत आणि ते एका रक्ताचे आहेत. मराठी ‘का’ आणि जपानी ‘का’ तंतोतंत सारखे ऐकू येतात आणि ते परके आहेत. पहिल्या जोडीमागे ‘क’, ‘क्व’, ‘ह्व’ असा अख्ख्या शब्दसमूहात न चुकणारा नियम आहे. दुसऱ्या जोडीमागे एकटा ‘का’. जपानीचे ‘दारे’, ‘नानी’, ‘दोको’, ‘इत्सु’ यांचा ‘कोण’, ‘काय’, ‘कुठे’, ‘कधी’ यांच्याशी काहीही मेळ नाही. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असल्या व्युत्पत्ती मोबाइलवरून फिरतात, त्या या एका कसोटीवर लगेच गळून पडतात. आपल्या भाषेचा अभिमान असणाऱ्याने तर ही कसोटी आधी शिकावी.

योगायोग एवढा मोठा असू शकतो? असू शकतो. जगात सात हजारांहून अधिक भाषा आहेत. ‘क’ हा ध्वनी दहांतल्या सुमारे नऊ भाषांत सापडतो आणि ‘आ’सारखा स्वर जवळजवळ सगळीकडे. समजा, एखाद्या भाषेत वीस व्यंजने आणि पाच स्वर आहेत. त्यातून साधी शंभर अक्षरे होतात. प्रश्न खुणावणारा शब्द रोजच्या वापराने झिजून एका अक्षराचाच उरतो. अशा तीनशे भाषांनी डोळे मिटून शंभरातून एकेक अक्षर उचलले, तरी दोन-चार जणींच्या हाती ‘का’ येणारच. मलयमध्ये शब्दाला ‘काह’ जोडून प्रश्न करतात, आणि कोरियनमध्ये आदराने विचारलेला प्रश्न ‘क्का’ने संपतो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला म्बाबाराम नावाची भाषा होती. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने तिच्या अखेरच्या जाणकारांकडून शब्द टिपले, तेव्हा कुत्र्याला ते ‘डॉग’ म्हणतात असे निघाले. इंग्रजीशी संबंध शून्य. शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला ‘गुदागा’ म्हणतात. तसलाच एक जुना शब्द म्बाबाराममध्ये पुढून-मागून झिजत ‘डॉग’ झाला होता. इंग्रजीचा ‘डॉग’ आपल्या वाटेने आला, हा आपल्या वाटेने.

इथपर्यंत ध्वनीचे झाले. अर्थाचे काय? मराठी आणि जपानी ‘का’ एकाच आवाजाचे आहेत हा योगायोग मान्य. पण दोघेही प्रश्न विचारतात आणि दोघेही पर्याय मांडतात, हासुद्धा योगायोगच का?

इथे मात्र माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘येतोस का?’ हे वाक्य पूर्ण करून पाहा: ‘येतोस का नाही?’ होय-नाहीचा प्रत्येक प्रश्न म्हणजे दोन पर्याय समोर ठेवणे. त्यातला दुसरा पर्याय उघड असतो म्हणून आपण तो बोलत नाही. शेवटी लोंबकळत राहिलेला ‘का’ हा त्या न बोललेल्या अर्ध्या वाक्याचा दरवाजा आहे. चिनी भाषेत तर दोन्ही पर्याय बोलूनच प्रश्न करता येतो: ‘जातोस-नाही-जातोस?’ अशी रचना तिथे रोजची. पोलिश भाषेत ‘चि’ हा शब्द वाक्याच्या आरंभी आला की प्रश्न होतो, आणि कॉफी व चहा यांच्या मध्ये आला की ‘किंवा’ होतो. हा ‘चि’देखील त्याच जुन्या ‘क’ कुळातला, उच्चार बदललेला. इंग्रजी ‘व्हेदर’चा जुना अर्थ ‘दोहोंपैकी कोणता’ असा होता, आणि संस्कृत ‘कतर’ हा त्याचाच भाऊ. जी भाषा प्रश्न विचारते तिला निवड मांडावी लागते, आणि निवड मांडणारा शब्द प्रश्नाच्या कामी येतो. आवाज एक निघाला ते दैवाने. अर्थांची ही जोडी माणसाच्या बोलण्याच्या रीतीतून आली आहे.

यात मराठीने एक बारीक भेद ठेवला आहे. ‘आंबेमोहोर का इंद्रायणी?’ हे विचारणे आहे. ‘आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, काहीही चालेल’ हे सांगणे आहे. विचारताना ‘का’ किंवा ‘की’, सांगताना ‘किंवा’. ‘आंबेमोहोर का इंद्रायणी चालेल’ असे विधान मराठी माणूस करत नाही. फिनिश भाषेत हाच भेद ‘वाइ’ आणि ‘ताइ’ असा आहे, चिनीत ‘हाइशी’ आणि ‘हुओचे’ असा. इंग्रजीत तो नाही, तिथे दोन्हीकडे एकच शब्द. आपल्या ‘किंवा’च्या पोटातही ‘का’चेच कूळ आहे: किम् आणि वा.

मुळशीच्या इतिहासात हा भेद एका ठिकाणी फार स्पष्ट दिसतो. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीत धरण बांधायचे ठरले, मावळ्यांच्या भातजमिनी आणि गावे पाण्याखाली जाणार हे कळले, आणि १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. त्या लढ्याची घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. ‘जान का जमीन’ नव्हे. ‘का’ घातला असता तर तो प्रश्न झाला असता, कोणीतरी उत्तर द्यावे म्हणून विचारलेला. मावळ्यांनी कोणाला काही विचारले नव्हते. त्यांनी ठरवलेले सांगितले होते. धरण झाले, गावे बुडाली, आणि घोषणेतला ‘किंवा’ तसाच राहिला.

ज्या डोंगरांत ही गावे होती तिथे देवरायाही आहेत. देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली रानं. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे ठेवला. इथे ‘का’ पुन्हा भेटतो, तोही अगदी वेगळ्या कुळातला. तमिळमध्ये ‘का’ म्हणजे वनराई, आणि ‘का’ हा राखणे, जपणे या अर्थाचा धातूही आहे. त्यावरून ‘कावल’, म्हणजे पहारा. केरळात देवराईला ‘कावु’ म्हणतात, नागांच्या राईला ‘सर्पक्कावु’. राई आणि राखण हे दोन अर्थ एका अक्षरात शेजारी राहतात, आणि ताम्हिणीकडच्या एखाद्या राईत उभे राहिले की ते शेजारपण पटते. या द्राविडी ‘का’चा आपल्या प्रश्नवाचक ‘का’शी संबंध नाही.

इतर ‘का’ थोडक्यात सांगतो. मेघालयातल्या खासी भाषेत ‘का’ हे स्त्रीलिंगाचे चिन्ह, नामाआधी येणारे. तिथे सूर्य ‘का’ घेतो आणि चंद्र पुल्लिंगी ‘उ’, म्हणजे सूर्य बाई आणि चंद्र बुवा. झुलू भाषेत ‘का’ म्हणजे ‘चा’: शाका राजाचे नाव शाका कासेन्झांगाखोना, म्हणजे सेन्झांगाखोनाचा शाका. हिंदीच्या ‘का’शी जुळणारा हा आणखी एक निव्वळ योगायोग. हवाईच्या भाषेत ‘का’ हे इंग्रजी ‘द’सारखे काम करते. जपानीत प्रश्नाखेरीज ‘का’ म्हणजे डास. प्राचीन इजिप्तमध्ये ‘का’ म्हणजे माणसाबरोबर जन्मणारी आणि मरणानंतरही नैवेद्य मागणारी जीवनशक्ती. तिची चित्रलिपीतली खूण म्हणजे वर उचललेले दोन हात. इजिप्ती लिपी स्वर लिहीत नसे, त्यामुळे त्या शब्दातला ‘आ’ अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला आहे.

आपल्याकडे तर ‘क’ हे देवाचे नाव झाले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात शेवटची सोडून प्रत्येक ऋचा एका प्रश्नावर थांबते: कोणत्या देवाला आम्ही हवी अर्पावा? पुढच्या काळात ब्राह्मणग्रंथांनी त्या ‘कोण’लाच नाव मानले. ऐतरेय ब्राह्मणात कथा आहे. वृत्राला मारल्यावर इंद्राने प्रजापतीचे मोठेपण मागितले. प्रजापती म्हणाला, ते तुला दिले तर मी कोण उरलो? इंद्र म्हणाला, आत्ता म्हणालास तोच. तेव्हापासून प्रजापती ‘क’ झाला. ‘क’ देवतेला द्यायच्या हवीसाठी पाणिनीने खास सूत्र दिले आहे, आणि त्या हवीचे नाव होते ‘काय’. प्रश्नाला देवत्व देणारी ही कथा मला आपल्या परंपरेतल्या सर्वांत धाडसी कथांपैकी एक वाटते.

पौडजवळच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे अनेक देशांतली मुले राहून शिकतात. लवळ्याच्या डोंगरावरच्या विद्यापीठांतही परदेशी विद्यार्थी येतात. एका तालुक्यात एवढ्या भाषांचे ‘का’ एकत्र नांदण्याची वेळ याआधी कधी आली नव्हती. पण त्यात सर्वांत आधी हरवेल तो मुळशीचा स्वतःचा. ‘का म्हून’, ‘का रं’, ‘येतूस का न्हाई’ ही रूपे आता साठीच्या पुढच्या तोंडांत जास्त ऐकू येतात, आणि पुस्तकी मराठी व हिंदी यांच्यामध्ये वाढणाऱ्या नातवंडांच्या तोंडात कमी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे आणि गावोगावच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे जमवली आहेत. पण एकेका घरातला ‘का’ टिपायला कोणती संस्था येणार?

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर आठवडाभर एक वही जवळ ठेवा. त्यांच्या तोंडून ‘का’ येईल तेव्हा ते पूर्ण वाक्य, ते कोणाला म्हणाले आणि आवाज चढवून म्हणाले का उतरवून, एवढे लिहून ठेवा. वर तारीख आणि गावाचे नाव घालायला विसरू नका.